शब्दांखालच्या तांबड्या रेघा

४ फेब्रुवारी

ठमे,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण.

तू पाठवलेला लॅपटॉप पोचला. शेजारच्या शिंपीणबाईंनी आणि मी मिळून तो खोक्यातून काढला, वायर लावली आणि तू कागदावर लिहिलेल्या अठरा सूचना एकेक करून पाळल्या. अठरावीनंतर पडदा उजळला. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. इथपर्यंत तुझे आभार.

आता ऐक. छापखान्यातून रिटायर होऊन मला अकरा वर्षं झाली, तरी अवघड काम आलं की धाकट्या मालकीणबाई माझ्याच दारात येतात. या खेपेला हॉस्पिटलची पुस्तिका आहे. घरी सोडलेल्या पेशंटची काळजी कशी घ्यावी, चौसष्ट पानं, इंग्रजीत. मोठ्या डॉक्टरांनी हाताने लिहिली आहे. अक्षर असं, की औषधवाल्याने चष्मा पुसून वाचावं. ती मी टाइप करून, तपासून द्यायची.

मी शब्द लिहिते, पुढे सरकते, की मागे त्या शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ हजर! कुठल्या शब्दांखाली म्हणशील, तर कलर. सेंटर. चेक. ट्रॅव्हलिंग. आणि डॉक्टरांचे ॲनिमिया, डायरिया, हिमोग्लोबिन. पहिल्याच पानावर सात. 'कलर'मधला यू गाळला म्हणून कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरने मला तो शब्द पन्नास वेळा लिहायला लावला होता, मी आठ वर्षांची असताना. आता तो यू घातला म्हणून हा डबा मला रेघ मारतो. सिस्टर असती तर तिने त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

शब्दकोश काढावा असं एकदा मनात आलं. पण चाळीस वर्षं छापखान्यात मी तो उघडला नाही. लोक शब्दकोशाऐवजी मला विचारायचे. आता या डब्यासाठी उघडू होय? नाही उघडला.

तुझ्याही मशीनवर या शब्दांखाली अशाच रेघा येतात का, तेवढं कळव. सहज विचारते.

फोन करू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू गिळतेस. पायाचं प्लास्टर कधी निघणार? जिना उतरताना मोबाइल बघायचा नसतो हे सांगायला आत्या कशाला लागते?

आशीर्वाद. घे आता.

आत्या

---

१३ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की प्लास्टर दुखलं. प्लास्टर दुखत नाही असं डॉक्टर म्हणतात. त्यांनी तुझं पत्र वाचलेलं नाही.

पाय अजून महिनाभर अडकलेला आहे. ऑफिसचं काम पलंगावरूनच चाललंय. दिवसभर मीटिंगा. खालून वर आणि वरून खाली सगळे मला 'काळजी घे' म्हणतात आणि लगेच काम पाठवतात.

रेघांचं एवढं काय घेऊन बसलीस! त्या मशीनमध्ये लाखो शब्द भरलेले असतात, ते सहसा चुकत नाही. तुझी स्पेलिंगं आता म्हातारी झाली ग, त्यांनाही रिटायर कर! रेघ आली की तिच्यावर क्लिक करायचं, बरोबर शब्द समोर येतो, तो घ्यायचा आणि पुढे जायचं. उगाच डोकं शिणवू नकोस.

शिंपीणबाईंना म्हणावं, माझे दोन कुर्ते उसवायचे आहेत. पलंगावर बसून बसून मी भोपळा झालेय.

तुझी ठमी

---

१ मार्च

ठमीस,

तुझं पत्र मिळालं. तू म्हणालीस तसं करते आहे. रेघ आली की तो सांगतो तो शब्द घेते. चौसष्टही पानं झाली आणि छापखान्यात देऊन आले. मालकीणबाईंना सांगितलं की यापुढे काम पाठवू नका. त्या 'का' म्हणाल्या. मी म्हटलं, डोळे.

डोळे चांगले आहेत.

सोबतच्या पाकिटात घराची दुसरी किल्ली, बँकेचा कागद आणि पेन्शनच्या फॉर्मची प्रत आहे. वारस म्हणून तुझं नाव आहे, सही करून ठेव. पुढे कुठे ठेवायचं झालं तर मला मोठी खिडकी असलेली खोली बघ, बाकी कशीही चालेल. गावाबाहेरच्या त्या संस्थेत नको. तिथे सगळ्यांना 'आजी' म्हणतात, नावच घेत नाहीत.

माईचं कसं सुरू झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. तू सहावीत होतीस. तुझ्या दृष्टीने मोठी आत्या आजारी पडली आणि गेली, एवढंच. माझी ही मोठी बहीण, तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई. ते फळ्यापासून सुरू झालं. फळ्यावर तिने 'सेंटर' चुकीचा लिहिला, मुली हसल्या. तिला वाटलं, मुली वात्रट आहेत. मग 'चेक'. मग वाण्याच्या यादीत अर्धे शब्द. तीन वर्षांनी ती आपल्याच घराचं दार वाजवून विचारायची, इथे कोण राहतं?

ती फार भांडायची तेव्हा. फळ्याशी, खडूशी, मुलींशी.

लॅपटॉप चांगला आहे. त्याचा दोष नाही.

पायाची काळजी घे.

आत्या

---

५ मार्च

आत्या, माझी आत्या,

हे पत्र कुरियरने पाठवतेय. चार वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. शिंपीणबाईंना लावला तर त्या म्हणाल्या, 'बाई घरातच आहेत, डबा घेतात, पण दार अर्धंच उघडतात आणि भांडत नाहीत. मला काही ठीक वाटत नाही.' भांडत नाहीस म्हटल्यावर मी तुझं पहिलं पत्र काढून पुन्हा वाचलं. पाय धड असता तर हे लिहीत बसले नसते, आत्ता तुझ्या दारात असते.

आधी माझा गाढवपणा. तुझं पहिलं पत्र मी दोन मीटिंगांच्या मध्ये वाचलं. हसायला मिळालं तेवढं घेतलं आणि बाकीचं सोडून दिलं. माझ्या मशीनवर अशा रेघा येतात का, हा एक कामाचा प्रश्न तू विचारला होतास आणि मी त्याचं उत्तरच दिलं नाही. वर म्हातारपणाची थट्टा केली. तू 'सहज विचारते' लिहिलंस आणि मी ते खरं मानलं. आयुष्यात तू कधी काही सहज विचारलं आहेस का?

तर उत्तर. काल मी तुझे सातही शब्द माझ्या मशीनवर टाइप केले. अगदी तुझ्यासारखे, सगळे यू आणि सगळे जादा ए-ओ घालून. सातही शब्दांखाली तांबडी रेघ आली. आत्या, सातही!

ही दोन्ही मशीनं आमच्या ऑफिसची आहेत. आमची सगळी गिऱ्हाइकं अमेरिकेतली, म्हणून ऑफिसने त्यांत अमेरिकन इंग्रजी लावून ठेवलंय. तिकडे कलरमध्ये यू नसतो, चेक वेगळा लिहितात, सेंटरची अक्षरं उलटी असतात आणि ॲनिमियातला एक ए त्यांनी कधीच काढून टाकला. यंत्राला तेवढंच माहीत आहे. सिस्टरचं इंग्रजी त्याच्या दृष्टीने परक्या गावचं. मी एका ठिकाणी 'अमेरिकन'च्या जागी 'ब्रिटिश' निवडलं आणि सातही रेघा गेल्या. कसं करायचं ते मागच्या पानावर लिहिलंय, सूचना फक्त पाच.

हे मला तुला लॅपटॉप देतानाच सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण मी रेघांकडे बघतच नाही. मला कुठे काय येतं! तुला येतं, म्हणून तुला त्या लागल्या.

तुला वाटेल, मी समजूत घालतेय. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. शब्दकोश काढ. आज काढ. शिंपीणबाईंना सोबत घे, पण काढ.

पाकिटातल्या कशावरही मी सही करणार नाही. किल्ली ठेवून घेते, ती मला तशीही हवी होती.

ठमी

---

११ मार्च

ठमे,

तुझं कुरियर आलं. तू ओळखलंस ते खरं, मला वाटलं, समजूत घालते आहे. आजारी माणसाशी लोक असंच बोलतात. माईशी मीही बोलायचे.

शब्दकोश कपाटावर होता, उशीच्या अभ्र्यात बांधलेला. शिंपीणबाईंनी स्टुलावर चढून काढला. मी म्हटलं, 'मी बघणार नाही. तुम्ही बघा.' त्या म्हणाल्या, 'अहो बाई, मला इंग्रजीतलं ए-बी-सी-डी तेवढं येतं. मापाच्या वहीपुरतं.' म्हटलं, तेवढं पुरे.

छापखान्यात आम्ही जोडीने वाचायचो. एकीने मूळ कागद हातात धरून मोठ्याने अक्षर न् अक्षर, स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचा आणि दुसरीने छापलेल्यावर बोट ठेवून ताडून बघायचं. वाचणारीने छापलेल्याकडे बघायचं नाही, असा नियम. तसंच केलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि एकेक शब्द अक्षर सोडवून म्हणत गेले. बाई गुडघ्यावर शब्दकोश घेऊन शिवणाच्या खुर्चीवर बसल्या.

'सी,' मी म्हटलं.

'सी.'

'ओ. एल. ओ.'

'थांबा हो, पानं चिकटलीत. सी, ओ, एल, ओ. हं, पुढे?'

नळाखाली बादली भरत होती, तिचा आवाज ऐकत राहिले. मग म्हटलं, 'यू.'

मागे पान उलटल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. मग म्हणाल्या, 'आहे की! यू आहे. शेवटी आर आहे. तुम्ही रडताय की काय?'

'नाही. पुढचा शब्द घ्या.'

सात शब्दांना पाऊण तास लागला. डायरियाला त्या जेरीस आल्या. 'एवढ्याशा आजाराला एवढी अक्षरं कशाला लागतात?' म्हणाल्या. सातही बरोबर निघाले. सातवा झाल्यावर बाईंनी शब्दकोश मिटला आणि मला म्हणाल्या, 'आता भांडा बरं कुणाशीतरी.'

मग भांडायला छापखान्यातच जावं लागलं. कारण मी काय करून बसले होते ते तोवर ध्यानात आलं. डॉक्टरांनी बरोबर लिहिलेली चौसष्ट पानं मी घाबरून, रेघ दिसेल तिथे मान तुकवून, यंत्राच्या हवाली केली होती. डोळे मिटून. ज्या बाईने चाळीस वर्षं कुणाचं ऐकलं नाही, तिने! आणि ती देऊन अकरा दिवस झाले होते. एव्हाना दोन हजार प्रती बांधून तयार असणार.

रिक्षात बसून सगळ्या रस्ताभर मी माफीची वाक्यं जुळवली. आत गेले तर मशीन बंद आणि म्हातारा फोरमन स्टुलावर बसून चहा पितोय. मी म्हटलं, 'हॉस्पिटलची पुस्तिका?'

'तशीच आहे, बाई. मशीन बिघडलंय.'

'काय बिघडलंय?'

'काही नाही.'

'म्हणजे?'

त्याने ड्रॉवरमधून माझी पानं काढली आणि खालचा कोपरा दाखवला. 'इथे तुमची बरोबरची खूण असते. एकाही पानावर नव्हती. खूण नाही तर कसं छापणार?'

खरं सांगते, खूण न करायचं मी काही ठरवलं नव्हतं. हात वळला नसेल. 'अहो, मग विचारायचं नाही का?' मी ओरडले.

'तुम्हाला विचारायची टाप होती का कुणाची कधी? म्हटलं, येतील. हॉस्पिटलवाल्यांना रोज सांगत होतो, रोलर गेलाय, रोलर गेलाय. मालकीणबाईंनी तीनदा मेकॅनिक बोलावला. तो तरी काय दुरुस्त करणार?'

धाकट्या मालकीणबाई आतून हे ऐकत होत्या. त्या आधी फोरमनवर चिडल्या, मग माझ्यावर, मग मेकॅनिकवर. मी सगळ्यांच्या वतीने माफी मागितली. मला सवय नाही, त्यामुळे जरा मोठ्या आवाजात मागितली गेली. चार दिवस मागून घेतले आहेत. तुझ्या पाच सूचना पाळल्या. आता रेघा यंत्राने बदललेल्या शब्दांखाली आल्या, डॉक्टरांच्या कागदावरून ते शब्द पूर्ववत केले तशा त्या भराभर गेल्या, अकरा उरल्या. त्यांतल्या नऊ औषधांच्या नावांखाली, ती यंत्राला माहीतच नाहीत. दोन माझ्या खऱ्या चुका. एक घाईची. दुसरी कशाची, मला सांगता येत नाही.

तेवढ्यासाठी हे पुढचं लिहिते, आणि हे थट्टेत घेऊ नकोस.

माई मला विचारायची, 'माझं काही चुकतंय का ग?' मी म्हणायचे, 'छे ग, तुझं कसलं चुकतंय!' तुझ्या बाबांनाही मी तेच बोलायला लावलं. मायेने. ती वर्षभर एकटी घाबरत बसली, कारण आम्ही सगळे मिळून तिला खोटं सांगत होतो आणि तिला ते कळत होतं. या महिन्यात मी तशी बसले होते. कसं असतं ते आता मला माहीत झालं.

तर, ठमे, कधीतरी खरंच माझं चुकायला लागलं, तर तू मला सांगशील का? यंत्राकडून नको कळायला. शेजाऱ्यांच्या कुजबुजीतून नको. तुझ्या तोंडून हवं. मला राग येईल, मी तुला नाही नाही ते बोलेन. तरी सांग.

आशीर्वाद.

आत्या

---

१९ मार्च

आत्या,

सांगेन.

पत्रात नाही सांगणार. फोनवर तर नाहीच. येईन, तुझ्यासमोर बसेन, तुझा हात धरेन आणि सांगेन. तू मला हाकललंस तर शिंपीणबाईंकडे राहीन आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगेन. मोठ्या खिडकीची खोली मी बघणार नाही. माझ्या घरात एक आहे. तिथे तुला नावाने हाक मारायला कुणी धजावणार नाही, एवढीच अडचण.

तुझं पत्र मी या खेपेला तीनदा वाचलं. एकदा मोठ्याने, बाबांना. भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस तिथे ते उठून आत गेले. मग बाहेर येऊन म्हणाले, 'तिने सांगितलं म्हणून मीही माईशी खोटं बोललो, पण दोष तिचा एकटीचा नाही, हे तिला लिही.' म्हणून लिहिलं.

आता माझी एक मागणी. त्या दुसऱ्या चुकीचं तू इतकं खरं लिहिलंस, म्हणून धीर करून मागते. एकदा डॉक्टरांकडे जाऊन ये. स्मरणशक्तीची तपासणी असते, अर्ध्या तासाची. काही निघेल म्हणून नाही. पुढच्या वेळी तुला शंका आली तर विचारायला माणूस हवं, यंत्र नको, म्हणून.

प्लास्टर निघालं. पाय वाळक्या शेंगेसारखा दिसतो, पण चालतो.

ठमी

---

२ एप्रिल

ठमे,

गेले होते.

डॉक्टरीणबाई तुझ्या वयाच्या, पण तुझ्यापेक्षा सावकाश बोलतात. त्यांनी मला घड्याळ काढायला सांगितलं, काढलं. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. गणित मला शाळेतही आवडत नव्हतं, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं. फॉर्मवर छपाईच्या तीन चुका होत्या, त्या दाखवल्या. त्या म्हणाल्या, 'याचे गुण नसतात, आजी.' मी म्हटलं, 'असायला हवेत. आणि आजी नका म्हणू.'

सुरुवातीला तीन शब्द लक्षात ठेवायला दिले होते. शेवटी विचारले. दोन आठवले. तिसरा काही केल्या येईना. त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि मी पर्स उचलून निघाले. खाली जाताना जिन्यात, दुसऱ्या वळणावर, आठवला. कंदील. तशीच परत वर चढले, पुढचा पेशंट आत होता तरी दार उघडलं आणि म्हटलं, 'कंदील.' डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, जिन्यातला धरता येत नाही. मी म्हटलं, धरू नका, पण लिहून तर ठेवा. त्यांनी लिहिला, मी समोर उभी राहून बघितलं.

काळजीचं आज काही नाही, असं त्यांनी सांगितलं. वयाप्रमाणे आहे. वर्षाने पुन्हा या. तुझ्याकडून खरं मागते तर माझ्याकडचं लपवून कसं चालेल, म्हणून तिसऱ्या शब्दासकट सगळं कळवलं.

पुस्तिका छापून झाली. एक प्रत तुला, एक दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, पाठवते. दादाला सांग, त्याचा निरोप पोचला. फोरमनला एक प्रत द्यायला गेले तर तो म्हणाला, 'मला कुठे इंग्रजी येतं?' तरी त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. शिंपीणबाईंना दिली, त्यांनी डायरियाचं पान शोधून काढलं आणि अक्षरं मोजली.

माझ्या एका महिन्याच्या भीतीसाठी तिघाजणांनी किती केलं ते मी काल बसून आठवत होते. एकीने न येणारं इंग्रजी पाऊण तास वाचलं, एकाने अकरा दिवस चालतं मशीन बंद ठेवलं आणि एकीने खोटं न बोलण्याचा शब्द दिला. मी आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या. लोक माझ्यासाठी असं काही करतील असं मी त्यांच्याशी वागले नव्हते. तरी केलं त्यांनी.

पुढच्या वर्षी तपासणीला जाईन तेव्हा तू बरोबर ये. आत बसू नकोस, मला लाज वाटेल. बाहेर बाकावर बस. मी बाहेर येऊन काय झालं ते सांगेन, आणि मग आपण दोघी जिना सावकाश उतरू.

आत्या